गच्चीवर पाचजण होते

पत्राचा आशय : एका मोठ्या शहराच्या उपनगरातून एका आईने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. होळीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर पाच मुले जमली आणि खालून जाणाऱ्या दुचाकींवर पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकू लागली. या बाईंचा साडेसोळा वर्षांचा, अकरावी शास्त्र शाखेत शिकणारा मुलगा कठड्याशी उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता. एक पिशवी मोटारसायकलवरून कामाला निघालेल्या गृहस्थांवर आदळली, तोल जाऊन ते दुभाजकावर पडले आणि तिसऱ्या दिवशी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ज्याने ती पिशवी टाकली, त्याला दोनच महिन्यांपूर्वी अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. पोलिसांनी इमारतीत चौकशी सुरू केल्यावर चार घरांतले पालक एकत्र बसले. पिशवी वॉचमनच्या पंधरा वर्षांच्या मुलाने टाकली असे सर्वांनी सांगायचे, कारण ‘तो लहान आहे, त्याला काही होणार नाही’, असे त्यांनी ठरवले. मोबाइलमधली चित्रफीत पुसून टाकण्याचा निरोपही या बाईंना आला आहे. त्या विचारतात, ‘माझ्या मुलाने एकही पिशवी टाकली नाही, तो फक्त तिथे होता, मग तो गुन्हेगार कसा? आणि मी बाकीच्यांबरोबर राहू की एकटी पडू?’

ताई,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. चार पानांच्या पत्रात वारलेल्या गृहस्थांविषयी एकच वाक्य आहे, आणि त्या वाक्यात तुम्ही लिहिले आहे की त्यांची मुलगी पहिलीत जाते. स्वतःचे मूल संकटात असताना आईला त्याच्यापलीकडचे दिसत नाही, याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. पण ती मुलगी कितवीत आहे हे तुम्ही कोणाला तरी विचारलेत आणि लक्षात ठेवलेत, त्यावरून मला वाटते की तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

आधी ‘तो फक्त तिथे होता’ या वाक्याकडे पाहू, कारण तुमच्या पत्राचा सगळा भार त्याच्यावर आहे. चित्रफितीत काय आहे ते तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिले आहे. सुरुवातीला एका स्कूटरवरच्या बाईंसमोर पिशवी फुटते, त्या डगमगतात, मुले हसतात आणि तुमच्या मुलाचा आवाज येतो, ‘अरे, पडेल ती!’ त्यानंतर काही मिनिटांनी त्याचाच आवाज येतो, ‘आला, आला, आता!’ ही दोन्ही वाक्ये त्याचीच आहेत. पहिल्या वाक्यावरून कळते की धोका त्याला दिसला होता, आणि दुसऱ्यावरून कळते की तो दिसूनही तो खेळात राहिला. त्याने हात लावला नाही हे खरे आहे, पण तो पाहुणा म्हणून उभा नव्हता. टेहळणी त्याची होती, इशारा त्याचा होता, आणि चित्रण होत आहे म्हणून बाकीच्यांना चढलेला जोर हाही काही अंशी त्याच्यामुळेच होता. सोळा वर्षांच्या मुलांचे खेळ असेच चालतात. एकटा मुलगा गच्चीवर जाऊन रस्त्यावर पिशव्या टाकत बसत नाही. त्याला पाहणारे, हसणारे आणि मोजणारे कोणीतरी लागते.

कायदा या गोष्टीकडे कसा पाहतो ते सांगते. मी समुपदेशक आहे, वकील नाही. इथे सांगते आहे तो कायद्याचा सर्वसाधारण भाग आहे आणि तुमच्या प्रकरणापुरता सल्ला वकिलाचाच घ्यावा लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 3 च्या पोटकलम 5 मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम 34 मध्ये, असे म्हटले आहे की अनेकांनी सामाईक इराद्याने एखादे गुन्हेगारी कृत्य केले, तर त्यातला प्रत्येक जण जणू ते कृत्य त्याने एकट्याने केले आहे असा जबाबदार असतो. ‘मी फक्त उभा होतो’ हा बचाव या कलमापुढे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच अपुरा ठरला आहे. 1923 साली कोलकात्याच्या शंकरीटोला टपाल कचेरीत दरोडा पडला आणि पोस्टमास्तर गोळीबारात ठार झाले. एका आरोपीचे म्हणणे होते की तो बाहेर अंगणात घाबरून उभा होता, गोळी त्याने झाडली नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ते मान्य केले नाही. ठरवून केलेल्या कृत्यात बाहेर उभे राहून साथ देणाराही त्या कृत्याचा भाग असतो, असा त्या निकालाचा रोख होता.

हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगते. त्या दरोड्यात बंदुका होत्या आणि बेत आधी शिजला होता. तुमच्या गच्चीवर कोणाला मारण्याचा इरादा कोणाचाच नव्हता. सामाईक इरादा होता तो भिजवण्याचा आणि दचकवण्याचा. एकाच जागी असणे किंवा सगळ्यांच्या मनात एकाच वेळी सारखी गोष्ट असणे म्हणजे सामाईक इरादा नव्हे, तो आधी जुळलेला असावा लागतो, मग तो आयत्या वेळी जुळला तरी चालतो, हे न्यायालयांनी पुढे स्पष्ट केले. 1945 च्या महबूब शाह प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने आणि स्वातंत्र्यानंतर पांडुरंग, तुकिया व भिलिया विरुद्ध हैदराबाद राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक जपला. शिवाय त्याच कलम 3 च्या पोटकलम 9 मध्ये हेही मान्य केले आहे की एकाच कृत्यात गुंतलेली माणसे वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी दोषी असू शकतात. म्हणजे पाचजण एकत्र होते म्हणून पाचांचे माप एकच, असे कायदा डोळे मिटून म्हणत नाही. कोणाला काय माहीत होते, कोणी काय केले आणि कोण कुठल्या क्षणी थांबू शकला असता, हे तो एकेकाला विचारतो.

म्हणूनच तुमच्या प्रकरणात खरा वाद ‘जाणीव’ या शब्दाभोवती फिरेल. पोलीस अजून कलम 106 लावायचे की 105, हे ठरवत आहेत असे तुम्ही लिहिले आहे. 106 म्हणजे हयगयीने मृत्यूस कारण होणे, ज्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. 105 म्हणजे खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध, आणि त्यात मारण्याचा इरादा नसला तरी मृत्यू येण्याचा संभव आहे ही जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या दोहोंतली रेषा तुमच्या गच्चीवर नेमकी कुठे ओढायची, हे मी सांगू शकत नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. पण स्कूटरवरच्या बाई डगमगल्या तो क्षण आणि त्यानंतरची पिशवी यांच्यामधली ती काही मिनिटे प्रत्येक जण तपासणार, हे नक्की. तुमचा मुलगा शास्त्र शाखेत आहे. चार मजली गच्ची, म्हणजे सुमारे 12 मीटर उंची, आणि एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो वजन. हवेचा विरोध सोडला तर ती पिशवी खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी साधारण 55 किलोमीटर असतो, आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा वेग वेगळाच. हे गणित त्याला वहीत येते. गच्चीवर ते कोणालाच आठवले नाही.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असेही नाही. 2017 साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका महामार्गावर पाच किशोरवयीन मुलांनी पुलावरून खाली दगड टाकले आणि एका वाहनातून चाललेल्या माणसाचा जीव गेला. ज्या दगडाने तो गेला, तो एकाच मुलाने टाकला होता, पण सुरुवातीला खुनाचा आरोप पाचही जणांवर ठेवला गेला. पुढे दगड टाकणाऱ्याने खुनाचा आणि बाकीच्यांनी मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. तिथला कायदा वेगळा आहे आणि तो तुम्हाला लागू नाही. मी हे सांगते ते अशासाठी की ‘टाकणारा एक, बाकी बघे’ ही मांडणी पालकांना जितकी स्वाभाविक वाटते तितकी ती कुठल्याच न्यायालयाला वाटत नाही.

आता वयाकडे येऊ, कारण चार घरांनी केलेला बेत वयाच्या अर्धवट माहितीवर उभा आहे.

अठरा वर्षांखालचा मुलगा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरतो आणि त्याची चौकशी 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार बाल न्याय मंडळापुढे होते. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला असते. सोळा ते अठरा या वयातल्या मुलाला प्रौढ म्हणून खटल्याला पाठवण्याचा विचार फक्त ‘निर्घृण’ गुन्ह्यात होतो, म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक आहे अशा गुन्ह्यात. किमान शिक्षेचीच अट महत्त्वाची आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि 105 व 106 ही दोन्ही कलमे त्या मर्यादेच्या खाली राहतात. त्यामुळे तुमच्या मुलाच्या बाबतीत ती भीती आज तरी बाजूला ठेवता येईल. दोष सिद्ध झाला तर मंडळ समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा (म्हणजे चांगल्या वर्तनाच्या अटीवर देखरेखीखाली मोकळे ठेवणे) किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे, असे आदेश देऊ शकते. जामीन हा मुलासाठी नियम आहे आणि तो नाकारायला ठोस कारण लागते. मंडळाच्या निष्कर्षामुळे पुढे शिक्षणात किंवा नोकरीत अपात्रता चिकटू नये, अशी तरतूद याच अधिनियमाच्या कलम 24 मध्ये आहे, आणि मुलाची ओळख उघड करायला कलम 74 ची मनाई आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलाचा खटला मात्र वेगळा, नेहमीच्या न्यायालयात चालेल.

‘तो लहान आहे, त्याला काही होणार नाही’ हे वाक्य तुमच्या सोसायटीत उच्चारले गेले आणि खोलीतल्या कोणीही उठून गेले नाही, हे वाचताना मी पत्र बाजूला ठेवले होते. वॉचमनच्या मुलाने नळावर पिशव्या भरल्या, हा त्याचा वाटा आहे आणि तो त्याला उचलावा लागेल. पण न टाकलेली पिशवी त्याच्या नावावर लिहायची, कारण त्याच्या बापाची नोकरी आणि पंपाशेजारची खोली तुमच्या सगळ्यांच्या हातात आहे, यात ‘काही होणार नाही’ असे काहीच नाही. पंधराव्या वर्षी निरीक्षणगृहात जाणे, शाळा सुटणे, एका माणसाच्या मृत्यूचे नाव गल्लीत कायमचे चिकटणे, हे त्याला होणारच आहे. बाल न्यायाचा कायदा ज्या दयेने लिहिला गेला, ती दया मोठ्यांनी ढालीसारखी वापरायची, याला मी मुलांची थट्टा किंवा पालकांची घबराट म्हणू शकत नाही. गच्चीवर जे घडले त्यात इरादा नव्हता. दिवाणखान्यात जे ठरले त्यात तो पुरेपूर आहे.

आणि कायद्याच्या दृष्टीनेही हा बेत तुमच्या मुलाला वाचवत नाही. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो करणारा अल्पवयीन नसतो, तो आईबाप असतो. पुण्यात मे 2024 मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, ते प्रकरण तुम्ही वाचले असेल. त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून मुलाचे आईवडील आणि रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले. आरोप न्यायालयात ठरतील, पण एका रात्रीच्या घटनेतून मोठ्यांचे वेगळेच प्रकरण कसे उभे राहते, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. तुमच्या बाबतीत चित्रफीत पुसली तरी ती परत मिळवता येऊ शकते, ती दुसऱ्या कोणाच्या मोबाइलमध्ये असू शकते, रस्त्यावर कॅमेरे असतात, आणि ‘व्हिडिओ डिलीट करा’ हा तुम्हाला आलेला निरोपसुद्धा आता पुरावाच आहे. शिवाय ‘अरे, पडेल ती!’ हे तुमच्या मुलाचे वाक्य त्याच चित्रफितीत आहे. ते त्याच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे वकील आणि मंडळ ठरवतील. पण त्याच्या मनात माणुसकी जागी होती याचा तो आज उपलब्ध असलेला एकमेव दाखला आहे.

म्हणून आता काय करायचे ते सांगते. मोबाइल बंद करून सुरक्षित ठेवा. चित्रफीत पुसू नका, कापू नका, कोणाला पाठवू नका, अगदी नवऱ्याच्या भावालाही नाही. तुमच्या मुलासाठी स्वतंत्र वकील करा. चार घरांनी मिळून एक वकील ठेवण्याची भाषा चालली आहे असे तुम्ही लिहिता, ते मुळीच मान्य करू नका, कारण ज्या क्षणी पाच मुलांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येतील, त्या क्षणी तो वकील नक्की कोणाचा, हे तुम्हाला फार उशिरा कळेल. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, आणि 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते. हाच क्रमांक वॉचमनच्या बायकोलाही द्या. ही गोष्ट तुम्ही कोणाला न विचारता आजच करू शकता, आणि मला वाटते की तुम्ही ती करालही.

पोलिसांनी मुलाला बोलावले तर घाबरून त्याला गावी पाठवू नका. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, कबुलीसाठी दडपण आणता येत नाही आणि जबाबावर त्याची सही घेता येत नाही. ताब्यात घेतल्यास 24 तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. चौकशीच्या वेळी पालक सोबत असू शकतात आणि तुम्ही असायलाच हवे. विशेष बाल पोलीस पथकातला किंवा ठाण्यातला बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहे, ते विचारून घ्या. परिवीक्षा अधिकारी घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतील. त्यांच्यापुढे घर सजवू नका, आहे तसे दाखवा.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाचा फरक आहे आणि तो तुमच्यासारख्या प्रत्येक पालकाने मुलाला समजावून सांगितला पाहिजे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 ने दिलेला हक्क आहे. वकिलाने सांगितले तर तुमचा मुलगा काही प्रश्नांवर गप्प राहू शकतो, आणि त्यात लाजिरवाणे काही नाही. पण गप्प राहण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे नाव घेण्याची मुभा नव्हे. जे बोलेल ते खरे बोलेल, एवढे बंधन तुम्ही त्याला घालून द्या, आणि काय बोलायचे ते पाठ करून घेऊ नका. पाठ केलेले बोलणे पंधरा मिनिटांत कळते.

‘एकटी पडू का’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो, काही काळ पडाल’ असेच आहे. सोसायटीत बोलणे बंद होईल, जिन्यात माना वळतील, ज्या जाऊबाईंच्या भावाने हा बेत सुचवला त्या घरी येणे थांबवतील. अठरा वर्षांच्या मुलाची आई तुमच्याशी भांडायला आली तर तिच्याशी भांडू नका. तिचे मूल तुमच्या मुलापेक्षा मोठ्या संकटात आहे आणि ती जे करते आहे ते तुम्हीही केले असते का, याची तुम्हाला पूर्ण खात्री नाही. तिला एवढेच सांगा की तुमचा मुलगा त्याच्याविरुद्ध काही रचून सांगणार नाही आणि वॉचमनच्या मुलाविरुद्धही नाही.

वारलेल्या गृहस्थांच्या घरी जावे का, असे तुम्ही विचारले नाही, पण मनात आले असणार. आत्ता जाऊ नका आणि मध्यस्थामार्फत पैसे तर मुळीच पाठवू नका. दुःखाच्या पहिल्या दिवसांत तो सौदा वाटतो, आणि कायद्याच्या दृष्टीने साक्षीदारावर दडपण. त्यांच्या कुटुंबाला पीडित भरपाई योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे त्यांना सांगणारे कोणीतरी भेटले आहे ना, एवढे तुमच्या वकिलामार्फत पाहता येईल. माफीची वेळ पुढे येईल, आणि ती मुलाच्या तोंडून यावी लागेल.

कारण या सगळ्यात मुलाशी अजून कोणी बोललेच नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्याच्यावर ओरडणे झाले, त्याला खोलीत बसवणे झाले, त्याच्याविषयी बैठका झाल्या. तो रात्री झोपत नाही, जेवत नाही, आणि ‘मी मेलो असतो तर बरे’ असे एकदा म्हणाला, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. ताई, ते जाता जाता लिहिण्याचे वाक्य नाही. आज रात्री त्याच्या खोलीत झोपा आणि त्याला एकटा सोडू नका. 14416 या टेलिमानस क्रमांकावर कधीही फोन करून समुपदेशकाशी बोलता येते, आणि या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवा, वकिलाच्या भेटीइतकीच ती तातडीची आहे. ‘तुझा काही दोष नाही’ असे त्याला सांगू नका. ते खरे नाही हे त्याला माहीत आहे, आणि आई खोटे बोलते आहे असे वाटले की त्याला बोलायला कोणीच उरणार नाही. ‘तूच त्याला मारलेस’ असेही म्हणू नका, तेही खरे नाही. त्याला विचारा की ‘अरे, पडेल ती’ असे म्हणाल्यावर पुढे काय झाले, कोण हसले, त्याला काय वाटले, आणि तो का थांबला नाही. मग मध्ये न बोलता ऐका. त्याला उत्तर द्यायला एक तास लागला तरी ऐका.